टोप्यांचे सिनेमे आणि वर्षाला पाचशे पौंड

आमच्या ऑफिसात माझ्या वीकेंडच्या आवडीला एक नाव पडलंय. ‘टोप्यांचे सिनेमे’! सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी कोणी लोणावळ्याच्या ट्रॅफिकबद्दल सांगतं, कोणी नव्या कॅफेतल्या बिलाबद्दल. मग माझ्याकडे वळून हमखास प्रश्न येतो, ‘काय मॅडम, या वेळी किती टोप्या?’

असतात, टोप्या असतात. रिबिनीच्या, फुलांच्या, गळ्याखाली गाठ मारलेल्या. शिवाय घोडागाड्या, मेणबत्त्या, नजर पोचेल तिथपर्यंत हिरवळ, पत्र आलं म्हणून धावत सुटणारी एक मुलगी आणि पावसात हट्टाने फिरायला जाऊन पाय मुरगळून घेणारी दुसरी. खून नाही, पाठलाग नाही, बॉम्ब नाही. सगळ्यात मोठी ॲक्शन म्हणजे जेवणाच्या टेबलापलीकडून कोणीतरी कोणाकडे तरी दोन सेकंद जास्त बघणं. आठवड्याचे पाच दिवस ज्याला ‘क्विक कॉल’च्या नावाखाली दीड-दीड तास पिळलं जातं, त्याला ते दोन सेकंद म्हणजे काय चीज असते, हे सांगायला नको.

तर माझा शनिवारचा फंडा सांगते. फोन किचनमध्ये, पोळ्यांच्या डब्यावर. सायलेंटवर नव्हे, बंद! चहा आल्याचा, आणि थर्मासमध्ये, म्हणजे मध्ये उठायला नको. खायला काहीतरी वाटीतून चमच्याने खाता येईल असं. पिझ्झा अजिबात नको, त्याच्या खोक्याशी झटापट करण्यातच अर्धा सीन जातो. मुगाची खिचडी बेस्ट, वर साजूक तूप. पापड मात्र सिनेमा संपल्यावर. या सिनेमांत लोक फार हळू बोलतात हो, कुरकुरीत काही तोंडात असलं की नेमकं प्रपोजलच ऐकू येत नाही. बाहेर पाऊस असेल तर सोन्याहून पिवळं. इंग्लंडातला पाऊस पडद्यावर आणि पुण्यातला खिडकीत.

आता या प्रकारातला माझा सिनेमा कोणता, तर ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’. १९९५चा. लोक लगेच विचारतात, ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ का नाही? अहो, ती गोष्ट सगळ्यांचीच आहे. कोणाला १९९५च्या बीबीसी मालिकेतला कॉलिन फर्थ हवा असतो, कोणाला २००५च्या सिनेमातली पहाटेच्या धुक्यातली किरा नाइटली. त्यात डार्सीची इस्टेट बघून नायिकेबरोबर आपलेही डोळे दिपतात. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’त असली कोणतीही सोय नाही. ही सुरुवातीलाच घर गमावलेल्या चार बायकांची गोष्ट आहे. आई आणि तीन मुली. मोठी एलिनॉर सगळं पोटात ठेवणारी, मधली मॅरियन सगळं बोलून दाखवणारी, धाकटी मार्गारेट टेबलाखाली नकाशांचं पुस्तक घेऊन लपून बसणारी.

थोडं ‘बिहाइंड द सीन्स’ सांगायलाच हवं, कारण तेही मस्त आहे. पटकथा एमा थॉम्पसनची. अभिनेत्री म्हणून तिला ‘हॉवर्ड्स एंड’साठी आधीच ऑस्कर मिळालं होतं. या पटकथेवर ती काही वर्षं बसली होती आणि १९९६च्या समारंभात तिला त्यासाठी दुसरं ऑस्कर मिळालं. अभिनय आणि लेखन या दोन्हींसाठी ऑस्कर मिळवणारी ती एकमेव. एलिनॉरही तीच. कादंबरीत एलिनॉर १९ वर्षांची आहे आणि एमा थॉम्पसन तेव्हा ३६ची, पण पाच मिनिटांत आपण ते विसरतो. मॅरियन म्हणजे केट विन्स्लेट, शूटिंगच्या वेळी जेमतेम १९ची. ‘टायटॅनिक’ यायला अजून दोन वर्षं होती. आणि दिग्दर्शक कोण? आंग ली! तैवानचा माणूस. इंग्लंडातल्या दिवाणखान्यांशी याचा काय संबंध, असं वाटेल. पण त्याचे आधीचे ‘द वेडिंग बँक्वेट’ आणि ‘ईट ड्रिंक मॅन वुमन’ बघा. आईवडील, मुलं, लग्नं, जेवणाचं टेबल आणि त्या टेबलावर न बोलल्या गेलेल्या गोष्टी. मला तर वाटतं, एकत्र कुटुंबातलं ‘कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं’ हे प्रकरण आपल्याकडच्या कोणालाही जितकं समजेल, तितकंच त्याला समजलं होतं.

आणि हॅरी पॉटरवाल्यांसाठी एक बोनस. हा सिनेमा म्हणजे हॉगवर्ट्सचं जुनं स्नेहसंमेलन आहे. कर्नल ब्रँडन म्हणजे ॲलन रिकमन, आपला स्नेप. एमा थॉम्पसन पुढे प्रोफेसर ट्रेलॉनी झाली. आईचं काम करणारी जेमा जोन्स तिथली मॅडम पॉमफ्री, सर जॉन झालेला रॉबर्ट हार्डी म्हणजे जादूचा मंत्री फज, आणि सारखी खिदळणारी मिसेस पामर? इमेल्डा स्टाँटन. होय, तीच ती गुलाबी अम्ब्रिज! तिचा सतत वैतागलेला नवरा म्हणजे ह्यू लॉरी, ‘हाऊस’मधला डॉक्टर. पहिल्यांदा बघताना निम्मा वेळ ‘अरे, हा तोच!’ करण्यातच जातो. दुसऱ्यांदा बघताना मात्र सिनेमा सुरू होतो.

रिकमनबद्दल एक वाक्य जास्त. २०१६मध्ये तो गेला. ‘डाय हार्ड’मधला तो थंड डोक्याचा व्हिलन इथे जवळजवळ काहीच करत नाही, नुसता थांबतो. मॅरियनला दुसराच कोणीतरी आवडतो, हा बाजूला उभा. तिच्या आजारपणात दाराबाहेर उभा, आणि एलिनॉरकडे मागणं काय, तर मला काहीतरी काम द्या. मग हा घोडा जोडून तिच्या आईला आणायला निघतो. फुलं नाहीत, भाषणं नाहीत. ‘मी काय करू सांग’ असं विचारून ते खरोखर करणारा पुरुष हीच माझ्या मैत्रिणींच्या ग्रुपमधली सध्याची सर्वात मोठी फँटसी आहे, आणि त्यासाठी टोपी लागत नाही.

या सिनेमांत मला सगळ्यात आवडतो तो वेळ. पत्र लिहायचं, वाळू द्यायचं, घडी घालायची, लाखेने बंद करायचं, पाठवायचं. मग दिवसच्या दिवस काही नाही. मॅरियन लंडनला जाते आणि विलोबीला चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या पाठवते, त्याचं उत्तरच येत नाही. दाराचा आवाज झाला की ती उठते. दोन निळ्या टिका बघून आपलं जे होतं, तेच. फक्त तिला तो ‘ऑनलाइन’ दिसत नाही, एवढंच तिचं नशीब. मग एका पार्टीत तो समोर येतो आणि ओळख नसल्यासारखा वागतो. पुढे कळतं, त्याने पन्नास हजार पौंडांच्या मालकिणीशी लग्न ठरवलंय.

तर हा असा माझा शनिवार. जगापासून लांब, दोन तास सोळा मिनिटं पळून जायची हक्काची जागा. निदान गेल्या जुलैपर्यंत तरी होती.

जुलैत आई आली होती राहायला. ती कल्याणला असते, महिन्यातून एकदा पुण्याला येते, डब्यात काहीतरी घेऊन येते आणि माझा फ्रिज बघून सुस्कारा सोडते. बँकेत तीस वर्षं काढून रिटायर झालीये. तिचे पीरियड ड्रामे वेगळे. ‘स्वामी’ लागायची तेव्हा रमाबाई-माधवराव बघायला सगळी चाळ आमच्याकडे जमायची, हे तिने मला शंभर वेळा सांगितलंय. अगदी अलीकडे म्हणजे २०१२मध्ये ‘उंच माझा झोका’ सुरू झाली, तेव्हा तिची संध्याकाळ बुक. इंग्रजी सिनेमाला मात्र ती फारशी तयार नसते. ‘फार भराभर बोलतात गं.’ मी म्हटलं, हे नाही बोलत भराभर. सबटायटल्स लावते, अडलं तर मी सांगते. खिचडी झाली, तूप झालं, तिने पांघरूण पायावर घेतलं आणि आम्ही सुरुवात केली.

आता पहिला सीन ज्यांनी पाहिला नसेल, त्यांच्यासाठी. मिस्टर डॅशवूड मरणाला टेकलेत. त्यांची इस्टेट कायद्याने पहिल्या बायकोच्या मुलाकडे, जॉनकडे जाणार. दुसरी बायको आणि तिच्या तीन मुलींना मिळून वर्षाला पाचशे पौंड. म्हणून ते जॉनचा हात धरून वचन घेतात, यांना मदत कर. जॉन म्हणतो, करेन. माणूस वाईट नाही बरं का, तो अगदी मनापासून म्हणतो. आणि घरी येऊन बायकोला, फॅनीला सांगतो, बहिणींना तीन हजार पौंड द्यायचं म्हणतोय.

मग सुरू होतो तो भाव. मंडईत भाजीवालीशी घासाघीस चालते ना, तसा, फक्त यात भाजीवाली हजरच नाही. दोघं कपडे करताहेत, गाडीत बसताहेत, वाटेत घोडे बदलताहेत आणि आकडा खाली येतोय. तीन हजार जरा जास्त होतात, नाही का? आपल्या मुलाचं काय? मग दीड हजार. सावत्र बहिणींसाठी तेवढं तरी कोण करतं? मग आईला वर्षाला शंभर देऊ. पण वर्षासन लावलं ना, की माणसं मरतच नाहीत, फॅनीचा अनुभव आहे. मग कधीमधी वीस पौंड. आणि शेवटी फॅनी काढते ते तात्पर्य असं, की वडिलांच्या मनात पैसे नव्हतेच मुळी. थोडीफार मदत, एवढंच. आणि तुम्हाला सांगते, त्या सीनमध्ये फॅनी एकही वाक्य खोटं बोलत नाही! प्रत्येक वाक्याला कारण आहे. मुलगा लहान आहे, खर्च आहेत, चार बायकांना लागतं किती? गाडी मुक्कामाला पोचेपर्यंत जॉनचं मन स्वच्छ झालेलं असतं.

मी हा सीन डझनभर वेळा पाहिलाय, दर वेळी हसलेय. विनोदीच आहे तो.

आई म्हणाली, ‘पॉज कर.’

मला वाटलं काही कळलं नाही. म्हटलं, ‘काय अडलं?’

‘अडलं नाही. आता किती झाले?’

‘वीस पौंड. तेही कधीमधी.’

‘आणि सुरुवात कितीवर होती?’

‘तीन हजार.’

आई हसली. म्हणाली, ‘आम्हाला आंब्याची पेटी येते.’

आणि म्हणाली, ‘कर सुरू.’

आईचं माहेर गुहागरजवळ. कौलारू घर, मागे पडवी, पलीकडे हापूसची कलमं. आजोबा गेले, पाठोपाठ आजी गेली. मामा तिथेच असतो. घर त्यानेच राखलंय, म्हातारपणी दोघांचं त्यानेच केलंय. आई आणि मावशी मुंबईकडे. मामा वाईट नाही, हे मी आत्ताच लिहून ठेवते. भाऊबीजेला येतो, माझ्या बारावीच्या निकालाला स्वतः पेढे घेऊन आला होता, आणि दर मे महिन्यात पेटी. गवतात नीट रचलेली, वर आईचं नाव त्याच्या अक्षरात.

सिनेमात पुढे फॅनी घरात येते आणि कालच्या मालकिणी आज पाहुण्या होतात. कोणी भांडत नाही. फक्त जेवताना कोण कुठे बसणार ते बदलतं, खोल्यांची चर्चा वेगळीच माणसं करायला लागतात. आई तेव्हा काही बोलली नाही. त्या चौघी डेव्हनशरमधल्या छोट्याशा थंडगार घरात जातात आणि साखर परवडत नाही, मांसाचा दर बघितलास का, असे हिशोब सुरू होतात, तेव्हा ती टीव्हीकडे बघतच म्हणाली, ‘दादाने कागद करून ठेवलेत. गणपतीला येशीलच, तेव्हा सह्या करून टाकू म्हणाला.’

‘कसले कागद?’

‘हक्कसोड.’

या शब्दाचा अर्थ माझ्या वयाच्या किती जणांना माहिती आहे, कोण जाणे. सातबारावर वारस म्हणून भावाबरोबर बहिणींची नावं लागतात. मग बहिणी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात जाऊन सही करतात, की आमचा वाटा आम्ही स्वखुशीने सोडत आहोत. ‘स्वखुशीने’ हा शब्द असतोच. कायदा तसा बहिणींच्या बाजूने आहे. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वतःच्या कमाईत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६पासूनच आहे. वडिलोपार्जितच्या बाबतीत महाराष्ट्राने १९९४ साली पाऊल टाकलं, पण आधीच लग्न झालेल्या मुलींना वगळून. आई नेमकी त्यातली. मग २००५मध्ये देशभर कायदा बदलला, आणि २०२०मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की हा हक्क मुलीला जन्मानेच आहे, २००५ला वडील हयात असोत वा नसोत. म्हणजे बिचाऱ्या मिसेस डॅशवूडला जे कायद्याने मिळालं नाही, ते आईला कायद्याने मिळालंय. आणि गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर ती ते परत देऊन येणार होती.

मी जरा जोरातच बोलले असेन. आई शांत. ती एलिनॉर आहे, मी मॅरियन आहे, हे मला त्या दिवशी कळलं असं नाही, आधीपासून माहिती होतं.

‘सही नाही केली तर माहेर बंद होतं,’ ती म्हणाली. ‘तुला नाही कळायचं. तुझं माहेर माझ्याकडे आहे, आणि मी काही कागद मागणार नाही.’

यावर काय बोलणार?

‘आणि मला काय करायचंय कलमं घेऊन? मी जाणारे का तिथे फवारणी करायला?’

हेही खरं. मामाने फवारणी केलीये, राखण केलीये, वादळात पडलेली झाडं उचललीयेत. आणि मीही काही अगदी धुतल्या तांदळासारखी नाही. त्याच रात्री आई झोपल्यावर मी फोनवर नकाशा मोठा करून ती हिरवी ठिपकी मोजत होते. हिंजवडीतल्या वन बीएचकेचं भाडं भरणाऱ्या मुलीने तसं करू नये असं कोणाला वाटत असेल, तर त्याने आधी माझं भाडं भरावं.

पण दुसऱ्या दिवशी चहा पिताना आई जे बोलली, ते पैशांबद्दल नव्हतं. म्हणाली, ‘मी गेले ना तिकडे, की वहिनी पहिला प्रश्न विचारते, किती दिवसांची सवड आहे? प्रेमाने विचारते हो. तिला तांदूळ किती भिजवायचे ते ठरवायचं असतं. पण ज्या घरात जन्मले, तिथे मला कोणी विचारूच नये असं वाटतं.’ मग म्हणाली, ‘माहेरवाशीण म्हणजे पाहुणीच की. ओटी भरतात, म्हणजे आता निघा.’

आम्ही अर्धवट राहिलेला सिनेमा त्या रविवारी दुपारी पुरा केला. एलिनॉरचं प्रकरण असं आहे, की एडवर्ड, म्हणजे ह्यू ग्रँट, तिला आवडतो. पण दुसरीच एक मुलगी विश्वासात घेऊन तिला सांगते, की माझं त्याच्याशी गुपचूप लग्न ठरलंय, कोणाला सांगू नकोस. एलिनॉर खरंच कोणाला सांगत नाही. कित्येक महिने. सगळ्यांची आजारपणं काढते, खर्चाची वही लिहिते, आईला सांभाळते. शेवटी एडवर्ड दारात येतो आणि कळतं, लग्न त्याचं नाही, त्याच्या भावाचं झालंय. आणि ती रडते. सुंदर नायिकेचं एक थेंबाचं रडणं नाही ते. हुंदका अक्षरशः फुटतो, नाकातून, घशातून, आवाजासकट, आणि थांबतच नाही. बाकीच्या तिघी गुपचूप खोलीतून बाहेर सटकतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू येतं आणि लगेच येईनासं होतं.

आई डोळे पुसत म्हणाली, ‘एवढं साठवू नये माणसाने.’ मी काही म्हटलं नाही, वाट्या उचलल्या.

नंतर तिला मी जेन ऑस्टिनची गोष्ट सांगितली. ती तिला सिनेमापेक्षाही जास्त आवडली, म्हणून इथेही सांगते. १८०५मध्ये जेनचे वडील गेले. मागे राहिल्या आई आणि दोन बिनलग्नाच्या मुली, सगळ्या भावांच्या मदतीवर अवलंबून. काही वर्षं या घरातून त्या घरात गेली. १८०९मध्ये एका श्रीमंत भावाने त्याच्या इस्टेटीतलं चॉटनचं एक घर राहायला दिलं, तेव्हा कुठे बूड स्थिर झालं. त्याच घरात तिने जुनं हस्तलिखित काढून परत लिहिलं, आणि १८११मध्ये ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ छापून आली. नुकसान झालं तर लेखिकेच्या माथी, या अटीवर. लेखिकेचं नाव नाही, नुसतं ‘एका स्त्रीकडून’. पहिली आवृत्ती संपली आणि तिला १४० पौंड मिळाले. सहा वर्षांनी, ४१व्या वर्षी ती गेली.

‘म्हणजे भावांनी बघितलं की तिच्याकडे,’ आई म्हणाली.

‘हो. बघितलं.’

‘पण तिला माहिती होतं, ते नाही बघितलं तर काय होतं.’

आई बँकेत होती हो. तीस वर्षं लोकांच्या सह्या ताडून बघितल्यात तिने. कागदाच्या तळाशी काय लिहिलेलं असतं, हे तिला जेन ऑस्टिनने शिकवायची गरज नव्हती.

ज्यांना इंग्रजी टोप्यांची ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठी याच गोष्टीचा एक साडीतला अवतार आहे, तोही सांगून टाकते. ‘कंडुकोंडेन कंडुकोंडेन’, २००० सालचा राजीव मेनन यांचा तमिळ सिनेमा. तब्बू मोठी, ऐश्वर्या राय धाकटी, मामुट्टी कर्नल ब्रँडनच्या जागी, संगीत ए. आर. रेहमानचं. घर जातं, मायलेकी चेन्नईला येतात. आणि फरक बघा, तब्बू नोकरीला लागते. सॉफ्टवेअर कंपनीत! इंग्लंडातल्या एलिनॉरला ती सोयच नव्हती. तिला लग्न, नाहीतर भाऊ. हा सिनेमा मी आईला ऑगस्टमध्ये दाखवला. तो तिला ‘आपला’ वाटला, पण फॅनीचा सीन त्यात तितका रंगला नाही, असं तिचं मत पडलं. मूळ फॅनीवर तिचा जीव जडलाय. मध्येच फोन करून विचारते, ‘त्या बाईने शेवटी किती दिले गं?’

मग गणपती आले. मी रजा काढली नव्हती, क्लायंटचं गो-लाइव्ह होतं. आई आणि मावशी दोघी कोकण रेल्वेने गेल्या, उभ्याने, गर्दीत, दोन पिशव्या खोबऱ्याच्या वड्या घेऊन. तिथे काय झालं, ते मला दोघींकडून वेगवेगळं कळलंय. मावशी सांगते ते जास्त नाट्यमय. आई सांगते ते एवढंच : आरती झाली, जेवणं झाली, दादाने कागद काढले. तिने चष्मा लावला आणि सगळे वाचले. तळापर्यंत. मग म्हणाली, ‘दादा, कलमं तुझी. ती तूच जगवलीस, त्यावर मी सही करते. पण मागची पडवी आणि तिला लागून असलेली खोली आम्हा दोघींच्या नावावर राहू दे. दुरुस्तीचा खर्च आम्ही करू. हे असं लिहून आण, मी येते तुझ्याबरोबर ऑफिसात.’

मामा म्हणाला, ‘तुला काय कोणी येऊ नको म्हटलंय का?’

‘नाही म्हटलं. म्हणूनच आत्ता मागतेय.’

वहिनी आत गेली. मामाने कागद घडी करून परत कपाटात ठेवले. रात्री पडवीत आईचं आणि मावशीचं अंथरूण त्यानेच घातलं, मच्छरदाणी बांधून दिली, नेहमीसारखी. सकाळी उकडीचे मोदक, नेहमीसारखे. निघताना ओटी भरली, नेहमीसारखी. कोणी काही बोललं नाही. आंग लीने यावरही एक सिनेमा काढला असता.

त्याला आता दोन महिने झाले. भाऊबीजेला मामा आला नाही, ‘भातकापणी राहिलीये’ म्हणाला, आणि ती खरंच राहिली होती, पाऊस लांबला होता यंदा. ओवाळणी मात्र आईच्या खात्यावर आली. नवा कागद अजून आलेला नाही. आई दर चार-पाच दिवसांनी त्याला फोन करते, पाऊस, गुडघे, मोहोर असं सगळं बोलते, त्या विषयावर अक्षर काढत नाही. मी विचारलं की म्हणते, ‘दादाला वेळ लागतो.’

मधल्या काळात तिने स्वतःच्या टीव्हीवर हे असले सिनेमे कसे शोधायचे ते शिकून घेतलंय. गेल्या शनिवारी फोनवर म्हणाली, आता ती दुसरी लावते, पाच मुलींची. त्यात घर कोणाला जातं ते सांगू नकोस. मी नाही सांगितलं. पेटी येते की नाही, ते मे महिन्यात कळेल.